मिक्सरमधली बाधा

राणीसावरगावात त्या दिवशी दैवशालाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या बायका बसल्या होत्या, मागच्या टाचा उंचावत होत्या आणि सगळ्यांचं लक्ष पाटावर ठेवलेल्या मिक्सरकडं होतं. मिक्सरला हळदकुंकू लावलं होतं, हार घातला होता, मुंडावळ्या तेवढ्या बांधायच्या राहिल्या होत्या. समोर डोंगरबाबा डोळे मिटून बसले होते.

झालं होतं असं. दैवशालाच्या नणंदेचं लग्न आठ दिवसांवर आलेलं, आणि लग्न म्हटलं की येसर आलाच. धान्य आणि मसाले भाजून एकत्र दळायचे. त्या पिठाच्या आमटीशिवाय आमच्याकडं पंगत उठत नाही. पण गिरणीवाला येसर घेईना. "त्याचा वास पुढच्याच्या पिठाला लागतो, बायका माझ्या नावानं बोटं मोडतात," म्हणाला. मग दैवशालानं घरच्या मिक्सरवरच दळायला घेतलं. भांड्यावर भांडं, काठोकाठ भरून, सकाळपासून विसावा म्हणून नाही. दुपारी मिक्सर बंद पडला. तिनं पिन दुसरीकडं लावून पाहिली, भांडं काढून परत बसवलं, दोन थापाही मारल्या. मिक्सर ढिम्म.

"लगनाच्या कामातच कसा बंद पडला?" सासू म्हाळसाबाईंनी लगेच निदान केलं. "बाधा हाय." आणि गावात मुक्कामाला असलेल्या डोंगरबाबांना बोलावणं गेलं.

बाबांना घाई नव्हती. आधी आरती, मग अंगारा, मग प्रवचन, असा चांगला अर्धा तास गेला. "वीज म्हंजे काय? शक्ती! अन् शक्ती कुणाची? बोला!" बायका बोलल्या. मग बाबांनी मिक्सर मांडीवर उपडा घेतला, त्याच्या बुडाला अंगारा चोळला, डोळे पांढरे केले. कट्ट!

"ऐकलं का?" बाबा गरजले. "निघाली बाधा!"

पिन लावली, खटका फिरवला आणि मिक्सर घुर्र करून फिरायला लागला. एकच गलका झाला. दैवशालानं हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, कानांनी ऐकलं होतं, आणि तिथंच तिचा घात झाला.

तिनं दहा वर्षांच्या शीलाला बाबांपुढं आणून उभं केलं. लेकीला फेफरं यायचं. परभणीच्या दवाखान्यातल्या गोळ्या रोज चालू होत्या आणि दीड वर्षात एकदाही फेफरं आलं नव्हतं. पण गोळीनं पोरगी पेंगायची, आणि आईला वाटायचं, कधी सुटतील ह्या गोळ्या?

"बाबा, हिचीबी बाधा काढा."

"गोळ्यांनी बाधा झोपती, जात न्हाई. बंद कर. मेलेलं यंत्र उठलं, हे तर जितं लेकरू हाय." बाबांनी शीलाच्या कपाळाला अंगारा लावला. दैवशालानं घरातून गोळ्यांची पाकिटं आणली आणि स्वतःच्या हातानं बाबांपुढच्या धुनीत टाकली.

सहाव्या दिवशी उरलेला येसर दळताना मिक्सर पुन्हा बंद पडला. बाबा तोवर गाव सोडून गेले होते. शेजारी भाड्यानं राहणाऱ्या सुकेशनी मॅडम शाळेत विज्ञान शिकवायच्या. तापलेल्या मोटारीचा वास येऊन त्या डोकावल्या. त्यांनी आधी पिन काढली आणि मिक्सर उपडा केला. बुडाला एक लाल बटन बाहेर आलेलं होतं.

"दैवशालाताई, सलग किती भांडी दळली?"

"मोजलीच न्हाईत, मॅडम."

"मोटार लई तापली की जळू नये म्हणून हे बटन आपोआप बाहेर येतं आणि आतली वीज तुटते. भांडं निम्मंच भरायचं, मधे थांबायचं. आता जरा निवू द्या."

चहा झाला. मग मॅडम म्हणाल्या, "दाबा, तुम्हीच दाबा."

दैवशालानं अंगठ्यानं बटन दाबलं. कट्ट.

तोच आवाज! अर्धा तास आरती कशाला, मिक्सर उपडा कशाला, अंगारा बुडालाच कशाला, सगळं तिला कळून चुकलं.

"मॅडम, मी शीलाच्या गोळ्या जाळल्या."

सुकेशनी मॅडमचा चेहरा उतरला. "फेफऱ्याच्या गोळ्या अशा एकदम तोडायच्या नसतात, ताई. आजच परभणी गाठा."

दैवशालानं सासूला बटन दाखवलं, नवऱ्याला, बिरदेवला दाखवलं. म्हाळसाबाईंनी ते स्वतः दाबूनही पाहिलं. "बटन हाय, खरंय," त्या म्हणाल्या. "पर त्याला गुण बाबाच्या हाताचाच आला ना!" मॅडम समजावायला गेल्या तर त्यांना सासूकडून उत्तर मिळालं, "तुमी देवधर्म मानत न्हाई, तुमाला काय कळणार?" दैवशाला शीलाला घेऊन एसटीच्या थांब्यावर गेली, तर बिरदेवनं दोघींना तिथून माघारी आणलं.

"पाव्हणे यायलेत अन् तू निघालीस? सहा दिस काय झालं का तिला? लगीन उरकलं की जाऊ."

लग्नात अक्षता पडत असतानाच शीला मांडवात कोसळली. फेफरं थांबेचना. नवरीसाठी सजवलेल्या जीपमधून तिला आधी गंगाखेडला, तिथून परभणीला नेलं.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," दैवशाला म्हणाली.

शीला वाचली. पण उजव्या हातात पेन्सिल ठरत नाही, आणि आईला हाक मारायची म्हटली तरी तिचा शब्द अर्ध्यात अडकतो. पहिल्यासारखं होईल का, हे डॉक्टर सांगत नाहीत.

बाबांचा मुक्काम आता देवगाव फाट्याला आहे, हे कळल्यावर दैवशालानं मिक्सर पिशवीत घातला आणि एसटीनं तिथवर गेली. रांगेत कुणाच्या हातात बंद मिक्सर होता, कुणाच्या कडेवर तापलेलं लेकरू. तिनं आपला मिक्सर उपडा करून एकेकीला बटन दाखवलं. दोघी-तिघी वाकून बघत होत्या, तेवढ्यात सेवेकऱ्यानं तिला दंड धरून बाजूला ओढलं.

"तुझी श्रद्धाच कमी पडली, बाई," रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

"कमी न्हाई, माय, लय झाली," दैवशाला म्हणाली. "मिक्सर तापला की थांबतो, निवल्यावर बटन दाबलं की फिरतो. माझ्या लेकराला तसलं बटन न्हाई. तुमच्याबी न्हाई. दवाखान्याच्या गोळ्या तोडू नका, हात जोडते."

म्हातारीनं मान फिरवली. तेवढ्यात मांडवातून कट्ट असा आवाज आला, आणि रांगेतल्या बायकांनी भक्तिभावानं डोळे मिटले.