डावी बाजू

वॉकरच्या पायाची रबरी टोपी काळी कुळकुळीत, कडा कोऱ्या, दुकानातून आणली तशी. फरशीवर घासली असती तर करडी पडली असती... आजी घरी आल्यापासून उठलेल्याच नाहीत, हे सिस्टरला खोलीच्या दारातच कळलं; तरी पलंगाशी जाऊन तिने रीतीप्रमाणे विचारलं, "काय आजी, कशा आहात?"

"मजेत," आजी छताकडे बघत म्हणाल्या.

"मजेत कसली!" लेक म्हणाली. "तुमच्या वॉर्डात म्हणे जिन्यापर्यंत जायची. इथे मी हात दिला की अंग टाकून देते. मला नोकरी आहे हो, सिस्टर. शुश्रूषागृहात एक खाट रिकामी झालीय, त्यांना आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"आणि मला कोण कळवणार?" आजींनी छताला विचारलं.

घरी सोडलेल्या पेशंटला वॉर्डातल्याच सिस्टरने एकदा भेटून यायचं, ही हॉस्पिटलची नवी पद्धत. एकदाच. आजी निघाल्या तेव्हा लिफ्टपर्यंत चालत गेल्या होत्या, आणि त्या चालण्याकडे सिस्टरने, वरण उतू न जाता शिजलं की बघावं तसं, समाधानाने बघितलं होतं. मग इथे काय बिघडलं? ऑपरेशन केलेला सांधा तोच, औषधं तीच. लेक आळशी म्हणावी तर चादर स्वच्छ, पाठीवर कुठे लाली नाही...

"एकदा उठवून दाखवा," ती लेकीला म्हणाली.

लेकीने आजींना उजवीकडे ओढलं. आजींचा डावा हात मात्र उलट्या दिशेला गेला, भिंत चाचपडू लागला, आणि तिथेच थांबला.

सिस्टर त्या हाताकडे बघत राहिली. वॉर्डात आजींच्या उजव्या हाताला सलाईन, म्हणून उतरायचं ते डावीकडून — रोज, सकाळ-दुपार, तिच्याच हाताखाली, तिच्याच आवाजावर. सलाईन निघालं, बाजू बदलायची राहिली. इथे डावीकडे भिंत होती. मी यांना चालायला शिकवलं असं मी समजत होते. मी यांना माझ्या वॉर्डात चालायला शिकवलं होतं... घरी पलंग कसा आहे, हे विचारायला कितीसा वेळ लागला असता?

पलंग हलेना, पलीकडे कपाट. मग उशी पायथ्याशी नेली आणि दोघींनी आजींना चादरीसकट हळूच फिरवलं.

"आता पायथ्याशी डोकं? म्हणजे इतकी वर्षं मी उलटी झोपत होते की काय!"

"आई, गप गं जरा."

आता डावी बाजू मोकळी झाली. सिस्टरचा हात सवयीने आजींच्या पाठीमागे गेला, आजींचा चेहरा लगेच खुलला... आणि तिने तो हात परत घेतला. आज मी उठवीन. उद्या?

"तुम्ही धरा," ती लेकीला म्हणाली. "ओढू नका. पाठीला नुसता हात, आणि त्यांना पुढे वाकू द्या."

"हिला नाही जमायचं," आजी म्हणाल्या.

"तुला तरी कुठे जमतंय?"

"अगं, वर नको, खाली धर! चिमटा काढतेस की काय!"

आजी अर्धवट उठल्या, धपकन बसल्या. सिस्टरचे दोन्ही हात पुढे झाले, ते तिने पाठीमागे बांधले. हात द्यायला तिला शिकवलं होतं, मागे घ्यायला कुणी शिकवलं नव्हतं.

"परत," आजी म्हणाल्या. लेकीला, तिला नव्हे.

परत वाकल्या. लेकीचा पदर खांद्यावरून घसरला, तिचं लक्ष नव्हतं. दोघी एकमेकींना रागावत होत्या, दोघींचे श्वास एकाच वेळी अडत होते. संध्याकाळी लेक काय कळवेल, हे विचारायचं सिस्टरच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. या खोलीत आपली गरज नाही, असं क्षणभर तिला वाटलं आणि आत कुठेतरी बारीकसं टोचलं — अगदी बारीक, सुई नीट शिरेत गेली की पेशंटला टोचतं तेवढंच. दोघींपैकी एकीने तरी आपल्याकडे बघावं, असं तिला वाटत होतं, आणि बघू नये, असंही.