पाठीवरचा ‘गोट’

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझं कव्हर सुटलं आहे आणि ‘झेड’ची शेवटची दोन पानं कुठे गेली ते मलाही ठाऊक नाही. बाकीचा मी शाबूत आहे. तेवढ्याच बळावर बोलतो.

छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगाला शाईचा आणि खळीचा वास होता. एका मुलीने मला दुकानात उचललं, दोन्ही हातांनी तोलून पाहिलं आणि छातीशी धरलं. ती कॉलेजात नवी होती. शाळा मराठीतून झालेली, त्यामुळे वर्गातलं इंग्रजी डोक्यावरून जायचं. रोज संध्याकाळी ती मला मांडीवर घेऊन बसायची आणि अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढायची. पास झाली तेव्हा मैत्रिणींना म्हणाली, हा नसता तर माझं काही खरं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं काढली.

पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली, घरात मोबाइल आला. माझं काम बदललं. लेकीचं तोंड ताटापर्यंत पोहोचेना, म्हणून मला खुर्चीवर ठेवून तिला माझ्यावर बसवत. मला वाईट वाटलं नाही. ती उंच झाली आणि मी कपाटावर गेलो, तेव्हा मात्र वाटलं.

पण खरा दगा दिला तो शब्दांनी. लेकीची एक मैत्रीण अभ्यासाला यायची. अंगाने इतकी बारीक, की सगळे तिला काडीच म्हणत. लेकीचे नवे बूट पाहून काडी खूश होऊन म्हणाली, ‘सिक’ आहेत. सिक म्हणजे आजारी, हे मी जन्मभर सांभाळून बसलेला. बूट कधीपासून आजारी पडायला लागले? हसून हसून पोट दुखलं की लेक म्हणायची, मी ‘डेड’. माझ्याकडे डेड म्हणजे मृत, आणि ही तर बिस्किटं खात होती. ज्या शब्दांना मी वळण लावलं, ते बाहेर जाऊन भलताच संसार थाटून बसले होते. मला कुणी कळवलंही नाही.

लेक शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. एकदा सामना जिंकून आली आणि दमून तशीच झोपली. सकाळी ती शाळेत गेल्यावर आईने तिचा पांढरा टी-शर्ट धुवायला घेतला. पाठीवर काळ्या मार्करने मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ‘गोट’. खाली काडीची सही. आईने साबण लावला, ब्रशने घासलं. निघेना. मग ओल्या हातांनीच तिने मला कपाटावरून काढलं. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! तिचं बोट ओळीवरून फिरलं. शेळी, बकरी. आणि शेवटी बारीक टाइपात, बावळट माणूस.

“म्हणजे माझ्या पोरीचा बकरा केला,” ती म्हणाली.

या शाळेत लेक नवी होती तेव्हा मुली तिला खेळायला घेत नसत. ते आईच्या मनातून गेलंच नव्हतं. पुन्हा तेच सुरू झालं, असं तिने धरलं. मला आणि ओला टी-शर्ट पिशवीत कोंबून ती तडक शाळेत पोहोचली. वर्गशिक्षिकेला तिने सगळं सांगितलं. बाईंनी काडीला सर्वांसमोर उभं केलं आणि आईने मला तिच्या हातात दिलं.

“वाच. मोठ्याने वाच.”

काडीने वाचलं. बावळटपाशी वर्ग हसला. “काकू, तसं नाहीये ते,” ती म्हणाली.

“पुस्तकात छापलंय. पुस्तक खोटं बोलतं का?”

मला त्यापलीकडे येतच नव्हतं.

मागच्या बाकावरून लेक उठली. “आई, ती शेळी नाही गं. ‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ या चार शब्दांची पहिली अक्षरं आहेत ती. आजवरची सगळ्यात भारी, असा अर्थ आहे. तिने कौतुकाने लिहिलं होतं.” मग अगदी हळू म्हणाली, “मला विचारायचंस ना.”

आईने तिथल्या तिथे काडीची माफी मागितली. पण काडीने दुसऱ्या दिवशी बाक बदलला आणि अभ्यासाला येणं सोडलं. घरी आल्यावर, या मेल्यामुळे झालं सगळं, म्हणत आईने मला रद्दीत टाकलं. तिच्याच पेन्सिलीच्या रेघा अंगावर घेऊन मी वर्तमानपत्रांखाली पडलो आहे.

इथून स्वयंपाकघर ऐकू येतं. आई रोज विचारते, काय झालंय गं? लेक म्हणते, “काही नाही.” पूर्वी आईला तेवढं पुरायचं. काल पुरलं नाही. तिने गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि म्हणाली, “तुझ्या या ‘काही नाही’चा अर्थ मला येत नाही. तू सांग.” मग लेक रडायला लागली, आणि रडत रडत बोलायलाही.

मित्रांनो, मला जपा, माझी पानं फाडू नका. पण कुणाला दोषी ठरवायला मला साक्षीदार करू नका. शब्द ज्याचा असेल, त्याच्याकडे आधी जा. तो बहुतेक घरातच असतो.