शेपटीवरची भिंत

बालमित्रांनो, मी एक जुना लोखंडी गर्डर आहे. सध्या मुक्काम रायपूरजवळ सिलतऱ्याला, भंगाराच्या ढिगात. भट्टीत जायला माझा नंबर लागायचा आहे, तोवर माझी कहाणी ऐका.

रेल्वेने मला मोडीत काढलं, तेव्हा नत्थूजींनी लिलावात उचलून रायपुरातल्या गुढियारीच्या आपल्या घराला लावलं. वरच्या मजल्यावर मी जिन्याच्या पोकळीवरून आडवा जायचो. माझं मागचं टोक मागच्या खोलीच्या भिंतीत गाडलेलं. पुढे दर्शनी भिंतीचा टेकू, आणि तिथून तीन हात मी रस्त्यावर बाहेर. त्या बाहेरच्या भागावर फरशीची गॅलरी.

गर्डरला दोन्ही टोकांनी खालून उचलून धरलेलं असतं, असं लोकांना वाटतं. माझं तसं नव्हतं. दर्शनी भिंतीवर टेकलेला मी एक सीसॉ होतो. गॅलरीत कोणी आलं की टेकूपाशी माझी पाठ ताणली जायची, पोट दाबलं जायचं आणि मागची शेपटी वर उठू पाहायची. तिला वरून दाबून धरायचं काम मागच्या भिंतीचं. गॅलरीचं कौतुक साऱ्या मोहल्ल्याने केलं, भिंतीचं कोणी केलं नाही. तिला पोपडे आले होते.

नत्थूजींना दोन मुलं. थोरला नरहर, धाकटा दिवाकर. दिवाकरची बायको लवकर गेली, म्हणून त्याच्या पद्मजाची वेणी थोरली काकू कुसुम घालायची, याच गॅलरीत बसून. पोरगी वळवळ करायची, काकू पाठीत धपाटा घालायची. ते सगळं वजन मी आनंदाने पेललं.

मग रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि जागांचे भाव चढले. घराघरांत भाऊ एकमेकांकडे जमिनीच्या नकाशाकडे बघावं तसे बघू लागले. नत्थूजी गेल्यावर इथेही वाटणी झाली. पंचांनी फरशीवर चुन्याची रेघ ओढली. पुढचा भाग नि गॅलरी नरहरची, मागची खोली दिवाकरची, भिंतीसकट. रेघ नेमकी मला मधोमध छेदून गेली. निवाडा फार न्यायाचा झाला, असं म्हणून सगळ्यांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद आणि वेणीही बंद.

नव्या कचेऱ्यांना भाड्याने जागा हव्या होत्या. दिवाकरने मागची भिंत पाडून हॉल काढायचं ठरवलं. पद्मजा तेव्हा सिव्हिलचा डिप्लोमा करत होती. माझी मापं घेऊन तिने दोन्ही आधारांची प्रतिक्रिया काढली, म्हणजे कोणता आधार मला किती उचलतो ते. मागच्या आधाराचं उत्तर उणे आलं. तिने बापाला समजावलं की हा आधार गर्डरला उचलत नाही, खाली दाबतो. भिंत गेली की गॅलरी जाईल.

दिवाकर लेखा शाखेत बाबू होता. त्याने कागद बघितला.

"आधार मायनस काहून येईल? गणित चुकलं तुह्यं."

"नाही बाबा. दोनदा करून पाहिलं."

"काकूनं शिकवलं वाटते."

दुसऱ्या सकाळी भैय्यालाल मिस्त्री आला. दिवाकर म्हणाला, पाड. तो म्हणाला, हव.

घण ऐकून कुसुम गॅलरीत आली आणि दर्शनी भिंतीतल्या खिडकीतून जिन्यापलीकडच्या दिवाकरला ऐकवू लागली.

"सासऱ्यानं बांधली भिंत पाडून राहिले भाऊजी? उद्या फोटोही उतरवा त्याईचा."

खाली रस्त्यावर लोक थांबले. प्रेक्षक मिळाल्यावर कुसुमला जोर चढला. नरहरही तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिकडे शेवटचे थर उतरले. माझी शेपटी मोकळी झाली आणि हलली.

पद्मजाने ते पाहिलं. ती धावत येऊन माझ्या शेपटीवर पालथी पडली, दोन्ही हातांनी मला कवटाळून.

"काकू, आत जा. मी पकडून आहो. तू आत जा."

नरहरला पायाखालची फरशी कलल्यासारखी वाटली. तो मागे सरला आणि आत गेला. बायकोला हाक मारायचं त्याला सुचलं नाही. कुसुम हटली नाही.

"आता पोट्टीही हुकूम देऊन राहिली मले," ती खाली बघत म्हणाली. लोक हसले.

ते हसू दिवाकरला लागलं. लोकांसमोर आपली मुलगी त्या बाईसाठी लोखंडावर लोळते आहे, हे त्याला सोसवेना. त्याने तिचा दंड धरला.

"उठ. त्याईची गॅलरी त्याईनं सांभाळावी."

"बाबा, नका ओढू. ती पडेल."

त्याने ओढलं.

पोरीचं वजन ते केवढं. पण तेवढंच कमी पडत होतं. माझी शेपटी छताला भिडली. गॅलरी कशी कलंडली ते मी सांगत नाही, तुम्ही लहान आहात. कुसुमकाकू दवाखान्यात पोचली नाही.

पंचनाम्यात कारण आलं: जुना, गंजलेला गर्डर मोडला. दोन्ही भावांनी सह्या केल्या. वाटणीनंतर एवढं एकमत त्यांचं पहिल्यांदाच झालं. पद्मजाला विचारलं, तेव्हा तिने आधी बापाकडे पाहिलं आणि मग होकाराची मान हलवली.

मित्रांनो, मी मोडलो नाही. या ढिगात मी आजही सरळ पडून आहे. हवं तर दोरी लावून बघा. तुमच्या घरात एखादं पोपडे आलेलं ओझं उगाच बसलंय असं वाटलं, तर त्याला हात लावण्याआधी दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे, ते बघून या. ते माणूस तुम्हाला आवडत नसेल, तर दोनदा बघा.