भीमाच्या फोटोवरची काच

मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. पण साधीसुधी नव्हे बरं का. सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या एका फ्रेमवाल्याने मला काच कापायच्या हिरकणीने एका दमात कापलं, तेव्हा माझी एकही कड उडाली नाही. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण खरं आहे ते सांगायला काय हरकत आहे?

माझ्यामागे भीमाचा फोटो बसवला. भीमा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवायचा. तापाने तो गेला, तेव्हा त्याची मुलगी रेश्मा तीन महिन्यांची होती. घरात त्याचा हा एकच फोटो. त्याची बायको बजाबाई रोज पदराने मला पुसायची आणि मी लखलखायचे. पाहुणे म्हणायचे, फोटो अगदी कालचा वाटतो. त्या कौतुकातला निम्मा वाटा मी गुपचूप माझ्याकडे ठेवून घ्यायचे.

माझी दशा झाली ती मायेपोटीच. दरवर्षी भीमाच्या तिथीला बजाबाई नवा हार आणायची आणि तो घसरू नये म्हणून माझ्यावर चिकटपट्टी लावायची. जुनी पट्टी निघाली तर निघाली, नाहीतर तिच्यावरच नवी. उन्हाळ्यात डिंक पाघळून पसरायचा, मग त्यावर धूळ आणि उदबत्तीची काजळी बसायची. भीमाचं कपाळ गेलं, मग डोळे गेले. उरल्या फक्त मिशा आणि शर्टाची कॉलर. रेश्माला कळू लागलं तेव्हापासून तिने बाप एवढाच पाहिला. तुझे डोळे बापाचे आहेत, असं आई सांगायची. पोर आधी आरशात बघायची, मग माझ्याकडे, आणि पुन्हा आरशात. तेव्हा मला स्वतःची लाज वाटायची.

एका दिवाळीला बजाबाईने तांब्याभर पाणी ओतून मला घासलं. डिंक ढिम्म हलला नाही. पाणी मात्र चौकटीतून आत उतरलं आणि वाळताना फोटो माझ्या पाठीला घट्ट चिकटला. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

यंदा रेश्मा चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागली. पहिला पगार हातात येताच तिने ठरवलं, बापाच्या फोटोला नवी काच घालायची. मायलेकी मला घेऊन त्याच जुन्या दुकानात गेल्या. मला कापणारे आता राहिले नव्हते. त्यांचे चिरंजीव इसूफचाचा गल्ल्यावर होते. रेश्माने सांगितलं, ही काच फोडून टाका. चाचांनी मागचा पुठ्ठा काढला, फोटोचा कोपरा नखाने उचलून पाहिला आणि हात आवरला.

"फोडायची न्हाय, बेटी," ते म्हणाले. "मुखडा काचेलाच चिकटलाय. काच गेली की बाप बी गेला."

रेश्माचा चेहरा उतरला. मग चाचांनी मला टेबलावर आडवं ठेवलं आणि शेंगदाण्याचं तेल मागवलं. ते माझ्यावर ओतलं नाही, कापसाच्या बोळ्यावर घेऊन फक्त डिंकावर टेकवलं, कडांपासून लांब. सगळ्यांचा चहा होईपर्यंत तसंच राहू दिलं. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हलकेच खरवडलं, तसा वर्षानुवर्षांचा थर सुटू लागला. पुन्हा तेल, पुन्हा कार्ड. ब्लेडला त्यांनी हातही लावला नाही. शेवटी साबणाच्या पाण्यातलं फडकं घट्ट पिळून माझ्यावरून फिरवलं.

आधी कपाळ आलं, मग भुवया, मग डोळे. रेश्मा वाकून बघत होती. मी इतकी स्वच्छ झाले होते की तिचा चेहरा माझ्यात उमटला, नेमका भीमाच्या चेहऱ्यावर. दोघांचाही डावा डोळा उजव्यापेक्षा जरा बारीक.

"आये, खरंच की," ती म्हणाली.

"मग मी काय खोटं बोलत हुते व्हय?" बजाबाईने डोळ्याला पदर लावला.

कानाजवळ पाण्याचा एक डाग तेवढा राहिला आहे. पण मी पुन्हा भिंतीवर आहे, ताठ मानेने. आता हार वरच्या खिळ्याला दोऱ्याने बांधतात. मित्रांनो, माया जरूर करा, फक्त ती काचेवर चिकटवू नका. आणि एखादी जुनी काच मळली म्हणून फोडायला निघालात, तर तिच्या पाठीला कोण चिकटलं आहे ते आधी बघा.