सत्तावन्न आयांचं एकच उत्तर

शोधनिबंधाचा गोषवारा अडीचशे शब्दांत बसवायचा होता आणि संध्याकाळी पाचच्या आत परिषदेच्या पोर्टलवर चढवायचा होता. कानडी मुलखातल्या सरस्वतीपुरममधल्या घरात सुष्मा एका हाताने चार महिन्यांच्या मेघाश्रीला थोपटत, दुसऱ्या हाताने टाइप करत होती. निवड झाली तर बाळंतपणात अडलेली पीएच.डी. पुढे सरकणार होती.

निष्कर्ष छान आला होता. एच. डी. कोटे या तालुक्याच्या गावाच्या आसपासच्या खेड्यांतल्या साठ आयांना तिने विचारलं होतं, सहा महिन्यांच्या आत बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काही देता का? सत्तावन्न जणी ‘नाही’ म्हणाल्या. पंच्याण्णव टक्के! तिचे गाइड डॉ. उपेंद्र खूश होते.

“काय लिहिलंस, वाच की,” सासूबाई गोदावरीबाई शेंगा सोलत म्हणाल्या.

सुष्माने इंग्रजी गोषवारा मराठीत सांगितला. सासूबाई हसल्या.

“पंच्याण्णव? मग आपलं घर उरलेल्या पाचात काय गं?”

रोज सकाळी सासूबाई बाळाला चमचाभर ओव्याचं पाणी पाजत. सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध द्यावं हे सुष्माला ठाऊक होतं, पण ती बोलत नसे. गेल्याच आठवड्यात दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हाही ती म्हणाली होती, “फक्त माझंच दूध.”

“तेव्हा मी बाजूला होते,” गोदावरीबाई म्हणाल्या. “त्या पोरींच्या बाजूला कोण होतं?”

सुष्माला अंगणवाडीचा वऱ्हांडा आठवला. आशा कार्यकर्ती कृष्णवेणी रजिस्टर घेऊन उभी, आणि दाराशी सासवा. एका मुलीने उत्तर देण्याआधी सासूकडे पाहिलं होतं. सुष्माने ते बघितलं होतं, तरी ‘नाही’वर खूण केली होती.

“त्या खोटं बोलल्या म्हणता, अत्ते?” सुष्मा सासूबाईंना कानडी रीतीने ‘अत्ते’ म्हणे.

“मला काय ठाऊक? पण शिकलेली बाई कागद घेऊन समोर बसली, की जे बरं दिसतं ते माणूस सांगतं. तू एम.एस्सी. झालेली, तूसुद्धा तेच केलंस, अल्वा? हो ना?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून केलं.”

गोदावरीबाईंचे हात थांबले.

“एकदा तरी म्हणायचंस. मी समजले, तुला चालतंय.” त्या पुढे म्हणाल्या, “उद्यापासून नाही देत. पण तुझा हा आकडा पुढे गेला, तर काय होतं?”

“तिथे सगळं ठीक आहे असं धरतील. मग समजवायला कुणी जाणार नाही.”

सुष्माने डॉ. उपेंद्रांना फोन लावला. “सर, आकडा ठेवते. पण उत्तरं सासू आणि आशाताईंसमोर घेतली, हेही लिहिते.”

“अहो, मग निवड कशी होणार? ते निबंधाच्या शेवटी लिहू.”

“सर, गोषवारा सगळे वाचतात. शेवटापर्यंत कोण जातं?”

“बरं, निबंधावर पहिलं नाव तुमचं आहे. ठरवा.”

पाचला नऊ मिनिटं असताना तिने आकडा तसाच ठेवून त्यापुढची निष्कर्षाची ओळ खोडली आणि लिहिलं, ‘घरातील वडीलधाऱ्या आणि आशा कार्यकर्तीसमोर दिलेल्या या उत्तरांवरून प्रत्यक्ष सवय ठरवता येत नाही.’ आणि बटण दाबलं.

तीन आठवड्यांनी परिषदेकडून नकार आला. ती थोडं रडली. मग अंगावरचं दूध काढून ठेवून, बाळाला सासूबाईंजवळ सोडून कोटेची बस धरली. या वेळी हातात कागद नव्हता, आणि ती प्रत्येकीशी एकांतात बोलली. पहिलीला तिने आधी आपल्या घरचं ओव्याच्या पाण्याचं सांगितलं. ती मुलगी पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, “आमच्यात मध चाटवतात, अक्का. मला भीती वाटते. बंद कसं करायचं?”

वाचकहो, हा प्रश्न साठ प्रश्नावल्यांत एकीनेही विचारला नव्हता. आपल्याला खरं ऐकायचं असेल, तर सांगणारीची भीती आधी आपणच दूर करायला हवी. आणि जो आकडा आपल्याच मनाला पटत नाही, तो कितीही शोभला तरी पुढे धाडू नये. त्याच्यामागे कुणाचं तरी तान्हं बाळ असतं.