खंडेनवमीचा बेल्ट

काशिफने हात झटकले आणि खलास म्हणाला. काशिफ म्हणजे इथे आखातात, सबाह अल-सालेममधल्या आमच्या कंपाउंडचा सुपरवायझर. तिथल्या हिरवळीचं गवत कापणारा, मी चालवत असलेला वीस वर्षांचा छोटा ट्रॅक्टर तो भंगारात काढायला निघाला होता. गुरुवारी ट्रक येणार. नवं यंत्र ठेकेदाराच्या ड्रायव्हरसकट येणार, म्हणजे माझी रवानगी मीना अब्दुल्लाच्या साइटवर, पाइप उचलायला. तीही चोपन्नाव्या वर्षी. मला हे मान्य नव्हतं आणि मी ते त्याच्या तोंडावर सांगितलं.

इंजिन धडधडत होतं, पण चाकं हलत नव्हती. काशिफ म्हणे गिअरबॉक्स गेला. मी म्हटलं, इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारा बेल्ट घसरतोय, तो बदलू. बेल्टवरचा नंबर केव्हाच पुसला होता, म्हणून जुना बेल्टच घेऊन शुवैखला हारूनच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. त्याने तो मापाच्या दांड्यावर टांगला आणि तेवढ्याच लांबीचा नवा काढून दिला. मंगळवारी बसवला. ट्रॅक्टर दोन पावलं सरकला आणि थांबला. काशिफ हसला.

संध्याकाळी जुना बेल्ट मांडीवर घेऊन बसलो होतो, तर ओळखीचा वास आला. खोबरेल. आणि मला माझीच लाज वाटली.

गावी खंडेनवमीला आमचे बाबा कोयती, पहार, नांगर, सगळ्यांना तेलाचं बोट लावायचे. गेल्या खंडेनवमीला मी ट्रॅक्टरची पूजा केली आणि प्रेमाच्या भरात बॉनेटखालच्या बेल्टलाही चांगलं चोळून तेल लावलं. रबर तेल पिऊन फुगलं, लांबलं. आणि आम्ही शहाणे त्या फुगलेल्या मापाचाच बेल्ट आणून बसलो होतो.

खोलीतला माझा सोबती, देवगडचा बाळा, त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "दादानू, गप रवा. ह्या कोणाक सांगू नका."

बुधवारी पुलींवरचं तेल साबणाने धुऊन काढलं, त्यांच्याभोवती सुतळी फिरवून माप घेतलं. जुन्या बेल्टपेक्षा दोन इंच कमी. हारून म्हणाला, जुना बेल्ट समोर असताना सुतळीवर कोण विश्वास ठेवतो? मी म्हटलं, जुना बेल्टच खोटं बोलतोय. वर असंही सांगितलं की मोटारीचा साधा बेल्ट नको. क्लच दाबला की पुलीची पकड सोडणारा, बागेच्या ट्रॅक्टरचा कापडी आवरणाचा हवा. मागे गिऱ्हाईकं ताटकळली, पण मी काउंटर सोडला नाही. शेवटी वैतागून त्याने वरच्या फळीवरून धुळीने भरलेलं पाकीट काढलं.

गुरुवारी भंगाराचा ट्रक फाटकात उभा असताना मी ट्रॅक्टरवर बसून हिरवळीला एक पूर्ण फेरी मारली. मुदीर, म्हणजे कंपाउंडचा मॅनेजर, बघत होता. काशिफ त्याला सांगत होता की यंत्र म्हातारं झालंय, आज चाललं तरी उद्या पुन्हा बसेल.

बाळाचं ऐकलं असतं तर मी वाचलो असतो, ट्रॅक्टर गेला असता. मी खाली उतरलो आणि मोडक्या अरबीत म्हणालो, "ट्रॅक्टर म्हातारा झाला म्हणून बेल्ट गेला नाही. मी तेल लावलं म्हणून गेला. काढायचं असेल तर मला काढा."

मुदीरने विचारलं, बेल्टला तेल का लावलंस? मी म्हटलं, आमच्याकडे त्या दिवशी पोट भरणाऱ्या हत्याराची पूजा करतात. तो काशिफला म्हणाला, चालणारं यंत्र भंगारात कशाला? मग त्याने ट्रकला परत जायची खूण केली.

काशिफ धुमसत माझ्याजवळ आला आणि म्हणाला की यापुढे इथे पूजाबिजा चालणार नाही.

"पूजा होणार," मी म्हटलं. "कुंकू बॉनेटला लावीन, बेल्टला हात लावणार नाही. आणि प्रसादाचं खोबरं तुलाही आणून देईन. खायचं की नाही, तुझं तू बघ."