सरळ रस्त्यावरची वळणं

गुरुनाथ मूळचा नागपूरचा. बर्फ ही उसाच्या रसात टाकायची वस्तू, तिच्यावर माणसाने उभं राहायचं नसतं, अशी त्याची अडतीस वर्षांची पक्की समजूत. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला येऊन मोटारींचे ब्रेक डिझाइन करायला लागला तरी हिवाळ्यात तो घर ते गाडी आणि गाडी ते ऑफिस एवढाच बाहेर दिसायचा. अशा माणसाने स्कीइंग, म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून पळणं, शिकावं ही कुणाची हौस नव्हती. ती रेणूची करणी.

रेणू त्याच्या थोरल्या भावाची मुलगी. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाही. पण पाय आणि तोंड दोन्ही जोरात. २००१च्या हिवाळ्यात, तेराव्या वर्षी, ती एका कॅम्पमध्ये स्कीवर उभी राहिली आणि घरी येऊन म्हणाली, "मी रेस करणार." अंध स्कीअरला गाइड लागतो. त्याने स्वतः स्की करत अखंड बोलत राहायचं, चढ, उतार, वळण सांगायचं, आणि तिने त्या आवाजाच्या मागे जायचं. गाइड पुढे असो, बाजूला असो की मागे, चालतं. हात मात्र लावायचा नाही. रेणूच्या बापाचा गुडघा कामातून गेलेला. सगळ्यांनी गुरुनाथकडे पाहिलं.

"मी काहून?" तो म्हणाला.

"तुम्ही गप्प बसत नाही म्हणून," त्याची बायको मालिनी म्हणाली.

पहिल्या हिवाळ्यात तो इतक्यांदा आपटला की ऑफिसात उभ्यानेच मीटिंगा करायचा. पण जमलं. तोंडाचा पट्टा तर तयारच होता. "डावं वळण, पोट्टी! आता चढ! त्या देशपांडेबाईने मंडळाच्या पॉटलक जेवणाला पुन्हा तोच पास्ता आणला, उतार, गुडघे वाकव!" अख्ख्या नातेवाइकांची उणीदुणी त्याने मिशिगनच्या जंगलात जाहीर केली. झाडांना मराठी येत नव्हतं म्हणून निभावलं. २००४ साली रेणू राष्ट्रीय स्पर्धेत पहिली आली, मग पुन्हा दोनदा आली. गाइडलाही मेडल मिळालं. "पंधरा वर्षं मी ही बडबड ऐकतेय," मालिनी म्हणाली, "मला कुणी साधी पितळेची वाटी दिली नाही."

ऑफिसात सात वर्षं शेजारी बसणारा माणूस त्याला अजून 'गॅरी' म्हणायचा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मात्र त्याला पहिल्या रांगेत खुर्ची मिळायला लागली. आणि शनिवारी पहाटे रेणू गाडीत त्याच्या शेजारी बसून, पाय डॅशबोर्डवर टाकून, कॉलेजातल्या पोरांची टवाळी करायची. आपल्या घरात मूल नसलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं? तेवढंच त्याला हवं होतं, आणि ते सोडायची त्याची तयारी नव्हती.

मग २००७ उजाडलं. पोरगी एकोणीस वर्षांची, हा चव्वेचाळीसचा. त्यांच्या सरावाच्या ट्रॅकवर शेवटचा एक किलोमीटर तळ्याकाठाने सुतासारखा सरळ जातो. तिथे एक दिवस रेणूच्या स्कीची टोकं याच्या स्कीवर टकटक वाजायला लागली. छातीत भट्टी पेटलेली, पाय म्हणत होते पुरे. आणि तोंडातून गेलं, "हळू! वळण!"

रेणू हळू झाली. गुरुनाथने चार श्वास घेतले.

एकदा चटक लागली की लागली. त्या हिवाळ्यात त्या सरळ रस्त्यावर त्याने चार वळणं काढली, दोन झाडं पाडली आणि एक हरीण आडवं घातलं. "ट्रॅक नव्याने पाडलाय यांनी, हळू!" रेणू मुकाट हळू व्हायची. पाच किलोमीटरची वेळ सव्वाअठरा मिनिटांवर अडली ती अडलीच.

२००८च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय टीमच्या कोचबाईने त्याला बाजूला घेतलं. "रेणू वर्षभर एकाच वेळेवर थांबली आहे. रविवारच्या रेसमध्ये साडेसतराच्या आत आली तर टीममध्ये राहील. नाही तर तिची जागा दुसऱ्या मुलीला. कदाचित तिच्यात एवढाच दम होता."

गुरुनाथने मान डोलावली. दम कुणाचा संपला होता हे त्या बर्फात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मेल्याने उलट शनिवारी रात्री पोटभर खिचडी खाल्ली आणि स्वतःला म्हणाला, उद्या मी पळतो की नाही बघ.

पळाला. रेस त्यांच्याच ट्रॅकवर होती. चार किलोमीटर बिचारा जिवाच्या आकांताने ओढत राहिला. ना देशपांडेबाई, ना पास्ता, नुसतं "चढ... उतार..." एवढंच. मग तळं आलं. पाय शिशाचे झाले. मागून टकटक सुरू झाली. जिभेच्या टोकावर वळण आलं. त्याने दात आवळले. आज नाही. मेलो तरी नाही.

तेवढ्यात मागून रेणू म्हणाली, अगदी हळू, जेवताना कुणी 'आणखी वाढू का' विचारावं तसं, "काका, वळण आलं का?"

पोरीला माहीत होतं. पोरीला सगळं माहीत होतं, आणि टीममधली जागा जात असताना ती त्याला श्वास घ्यायचाय का ते विचारत होती.

"नाही!" तो ओरडला. "वळण नाही, झाड नाही, काही नाही! सरळ आहे, सात-आठशे मीटर! मी उजवीकडे सरकतो, तू जा!"

"काका—"

"जा म्हणतो ना, पोट्टी! जा!"

तो ट्रॅकबाहेर झाला आणि ती सूंकन गेली. अशी गेली की त्याला कळलं, वर्षभर आपण काय दाबून धरलं होतं. तो मागून लंगडत, बोंबलत राहिला, "सरळ! सरळ! थोडं डावं, हां! सरळ!" पाय संपले होते, घसा नव्हता.

सतरा मिनिटं एकवीस सेकंद.

तो पोचला तेव्हा रेणू बर्फात बसली होती. तो तिच्या शेजारी कोसळला.

"कधीपासून माहीत होतं?"

"फर्स्ट डेपासून. पाय ट्रॅकच्या चरीत असतात काका. वळण असेल तर पायाला कळतं ना!"

सतरा वर्षं इंजिनीअरिंग केलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. "मग बोलली काहून नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला दम लागला की तुम्ही तसं म्हणता. आणि काकांना कसं सांगणार, की तुम्ही स्लो आहात?"

तो तोंड फिरवून रडला. मग डोळे पुसून कोचबाईकडे गेला आणि वळणं, झाडं, हरीण सगळं सांगून टाकलं. हिच्यासाठी तरणा गाइड बघा म्हणाला. कोचबाईने हरणाबद्दल पुन्हा एकदा विचारलं.

परत येऊन त्याने रेणूपुढे कोपर धरलं. तिने ते पकडलं आणि दोघं पार्किंगकडे निघाले.

"डावीकडे वळण आहे," तो म्हणाला.

रेणू थांबली. "नक्की?"